पुढच्यासाठी

राजीनाम्याच्या अर्जात 'कारण' असा रकाना होता.
मी लिहिलं : लाकडं.
मार्केत्ताने चष्म्यावरून पाहिलं, म्हणाली,
'वैयक्तिक' लिहू का?
लिही, म्हटलं.

अकरा वर्षं, ताम्पेरेत, चौथ्या मजल्यावर,
मी लोकांची जळालेली घरं मोजली.
सोफा, तीन जणांचा : किंमत वजा घसारा.
पियानो : पावती नाही, म्हणून पियानो नाही.
एका माणसाने फोटो पाठवला होता,
काळ्या भिंतीवर एक पांढरा चौकोन,
काहीतरी टांगलेलं होतं तिथे.
काय, ते त्याने लिहिलं नव्हतं.
मीही विचारलं नाही. तसा रकानाच नव्हता.

आता लेम्मेनयोकी. नकाशात रस्ते जिथे दमतात
त्याच्याही वर.
हुद्दा : उद्यान कामगार, हंगामी, एप्रिलअखेरपर्यंत.
पगार निम्म्याहून जरा कमी.
आई फोनवर म्हणते,
पक्क्या नोकरीवर पाणी सोडलंस.
मी म्हणते, आई, उणे एकतीस आहे,
इथे सोडलेलं पाणी खाली पोचतच नाही.
ती हसत नाही. मग विचारते, मोजे आहेत ना?

काम साधं. घसरगाडीवर बर्चचे ओंडके लादायचे,
रानातल्या बारा खोपटांना पोचवायचे,
वाटसरू येवोत, न येवोत.
आणि संडास.
जाहिरातीत त्याला 'देखभाल' म्हटलं होतं.
खड्ड्यातला ढीग हिवाळाभर गोठत गोठत वर येतो,
मनोऱ्यासारखा, टोकदार,
तो पहारीने पाडावा लागतो.
पहिल्या दिवशी ओउलाने पहार हातात दिली,
म्हणाला, तोंड बंद ठेव.
मला वाटलं, काय उद्धट माणूस.
पहिल्याच घावाला कळलं, सल्ला होता.

ओउला सामी, इथलाच, याच नदीकाठचा.
तुमच्या भाषेत बर्फाला किती शब्द,
मी विचारलं, सगळे विचारतात तसं.
म्हणाला, ते फावड्याला विचार.

डिसेंबरात सूर्य उगवत नाही.
अकराच्या सुमारास दक्षिणेला
कुणीतरी दार किलकिलं करतं,
आत कोण आहे ते पाहतं,
पुन्हा ओढून घेतं.
तेवढ्या निळ्यात मी कुऱ्हाड चालवते.

प्रत्येक खोपटात एक वही.
लोक लिहितात : वारा फार. मासे नाहीत.
टाच सोलली. लग्न मोडलं, इथे झोप लागली.
काल एका वहीत वाचलं,
'झोपायच्या फळीवर, डाव्या कोपऱ्यात, छप्पर गळतं.'
तारीख ऑगस्टची. खाली दुसऱ्या अक्षरात :
'हो, अजून.'
माझा हात आपोआप खिशातल्या पेनाकडे.
बाधित क्षेत्र अंदाजे. कारण संभाव्य.
झीज पूर्वीचीच असल्यास दावा नाकारावा.
बराच वेळ तशीच उभी होते.
मग शिडी शोधली.

वर मांडीभर बर्फ. लोटलं.
पत्र्याचा तुकडा, सात खिळे.
एक सवयीने ओठांत धरला, तो चिकटला,
कातडी घेऊनच सुटला.
खालून ओउला : तोंड बंद, सांगितलं होतं.
गळती थांबली का, ते बर्फ वितळल्यावर कळणार,
म्हणजे मे महिन्यात.
तेव्हा मी इथे असेन की नाही, कुणी सांगितलेलं नाही.

निघतानाची इथली एक रीत आहे :
चूल झाडलेली, लाकडं आत, ढलप्या रचलेल्या,
काडेपेटी अर्धी उघडी,
दोन काड्या बाहेर काढलेल्या,
गारठलेल्या बोटांना धरता येतील अशा.

तो पांढरा चौकोन. त्याचा माणूस
इतक्या वर कशाला येईल.
तरी मी काड्या तिसऱ्यांदा नीट करते.
बाहेर ओउला इंजिन चालू करतो.